आपण वेगवेगळं वाचलेलं एकच पुस्तक

ताई,

शेवटची थोडी पानं राहिली होती आणि तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे मंगल. उद्या वाच." मी पुस्तक मिटून तुमच्या उशाशी ठेवलं आणि चहा टाकायला उठले. दुसऱ्या दिवशी सकाळीच तुम्हाला श्रीरामपूरला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून तुम्ही बेलापूरच्या घरी परत आलात ते गाडीत आडव्या.

आता सगळं उरकलं आहे. पाहुणे गेले. तुमचा भाऊ सकाळी पेपर वाचून झाला की तुमच्या खोलीकडे बघतो आणि चप्पल घालून बाहेर पडतो. चाळीस-एक वर्षं त्याची बायको आणि तुमची भावजय म्हणून या घरात वावरले, तरी त्याच्याशी तुमच्याबद्दल काय बोलावं ते मला सुचत नाही. तुमच्याशीच बोलावं असं वाटलं. काही गोष्टींचा मेळ लागत नाही, आणि ज्यांना विचारायचं त्या तुम्हीच गेलात.

लग्न होऊन मी नगरहून या घरात आले तेव्हा तुमच्याबद्दल मला आधीच सांगून ठेवलेलं होतं. नणंद घरातच असते, तरुणपणीच नवरा गेला, शिवणकाम करते, स्वभाव कसा आहे कळत नाही, जपून राहा. मी जपूनच होते. मग एका दुपारी माझ्या ब्लाउजचं माप घेताना, तोंडात टाचण्या धरून, तुम्ही विचारलंत, "वाचतीस का काही?" मी म्हटलं, मिळालं तर वाचते. तुम्ही टाचण्या काढून गादीला टोचल्यात, कपाटातून एक पुस्तक काढलंत आणि माझ्या हातात दिलंत. त्याचं मूळ कव्हर कधीच गेलं होतं. तुम्ही ब्लाउजच्या अस्तराचा उरलेला निळा तुकडा घेऊन त्याला मशीनवर कव्हर शिवलं होतं.

"घाई करू नको," तुम्ही म्हणालात. "पन लई दिस ठिवू बी नको."

मी घाई केलीच. नदीकाठच्या गावातली एक बाई, तिला शिकायचं असतं, घरचे नको म्हणतात, ती शिकते, आणि शेवटी दूरच्या एका गावात मास्तरीण होऊन जाते. ती शाळेची घंटा वाजवते तिथं पुस्तक संपतं. वाचून झाल्यावर मी तुमच्या खोलीत आले ती डोळे पुसतच. म्हटलं, "ताई, मला ही बाई फार आवडली."

तुम्ही मशीन थांबवलं नाहीत. म्हणालात, "मला बी लई आवडतं ते पुस्तक."

तुम्ही 'पुस्तक' म्हणालात. 'ती बाई' म्हणाला नाहीत. हे माझ्या आत्ता आत्ता लक्षात येतंय, आणि ते खरंच तुम्ही तसं म्हणाला होता की मी मागाहून घालते आहे, याचीही खात्री राहिलेली नाही.

त्या दिवसापासून ते 'आपलं पुस्तक' झालं. आपल्या दोघींमध्ये त्याचं नाव कधी घ्यावं लागलं नाही. घरात कुणी पाहुणी फार शहाणपणा शिकवायला लागली की तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि मला कळायचं, त्यातल्या सगळ्यांना अक्कल शिकवणाऱ्या शेजारच्या आत्तीबाईची आठवण झाली आहे. मला या घरात पहिली मैत्रीण मिळाली ती त्या पुस्तकामुळे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं का? सांगितलं असेल असं इतके दिवस धरून चालले होते.

लगीनसराई उरकली की तुमच्याकडची शिवणाची गर्दी ओसरायची. मग तुम्ही ते पुस्तक परत काढायचात. दरवर्षी. आणि मी दरवर्षी तुमच्याशी वाद घालायचे.

"शेवट तर माहीत आहे. पुन्हा वाचून काय मिळतं?"

"शेवट म्हाईत हाय म्हनूनच निवांत वाचता येतं. पैल्यांदा वाचताना मानूस नुसता पुढं पळतो. कोन मेलं, कोन आलं, हेच बघत. दुसऱ्या टायमाला आजूबाजूला बघतो."

"आणि आवडलं नाही तर?"

"तर न्हाई आवडलं. त्यात काय."

तुम्हाला ते जमायचं. एक प्रेमाची कादंबरी तुम्हाला मुलीच्या वयात फार आवडलेली होती, तिच्यावर तुम्ही उशी भिजवली होती. मी घरात आल्यावर तुम्ही ती परत वाचलीत आणि म्हणालात, "आता रडू येत न्हाई गं, दोघांना धरून हानावं वाटतं." नंतर बरेच दिवस ती कादंबरी मशीनच्या हलणाऱ्या पायाखाली होती. मला ते बघवायचं नाही. माझ्या हातून तसं झालं असतं तर मी आठवडाभर उदास राहिले असते. लहानपणी जीव टाकून वाचलेलं एक रहस्याचं पुस्तक मी मोठेपणी परत उघडलं होतं, तर त्यात काहीच नव्हतं. ज्या तळघराला मी एवढी घाबरले होते, ते अर्ध्या पानात संपत होतं. तेव्हापासून आवडलेलं पुस्तक परत उघडायचं नाही असं मी ठरवलं होतं. आपलं पुस्तक तर मुळीच नाही. ते मला होतं तसंच हवं होतं.

कारण मी त्या बाईच्या बळावर घराबाहेर पडले होते, ताई. नर्सिंगचं शिक्षण माझं लग्नाआधीच झालेलं होतं. नेमणूक आली ती अकोले तालुक्यात, पार वर भंडारदऱ्याकडच्या डोंगरातल्या आरोग्य केंद्रात. आमची चित्रा तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. तुमचा भाऊ कारखान्यात, त्याला हलता येत नव्हतं. डोंगरात जीपशिवाय काही जात नव्हतं, पावसाळ्यात तीही नाही, आणि तिथली शाळा कसली ते बघूनच आले होते मी. तो म्हणाला, तुझं तू ठरव. मला ठरवता येईना. तुम्ही परातीत भाकरी थापत होता. मान वर न करता म्हणालात, "जा तू. पोरगी ऱ्हाईल माज्यापाशी."

मी गेले. एसटीत बसल्यावर मला ती मास्तरीण आठवत होती. मला वाटत होतं, तुम्हीच मला ते पुस्तक वाचायला दिलं होतं, तुम्हीच मला पाठवताय, म्हणजे तुमच्याही मनात तीच आहे. शनिवारी संध्याकाळी मी बेलापूरला यायचे, रविवारी परत फिरायचे. बरीच वर्षं असं चाललं. पुढं जवळ बदली मिळाली, पण तोवर चित्रा तुमच्या अंगाखांद्यावर वाढून मोठी झाली होती. या गोष्टीवरून आपल्यात कधी एक शब्द झाला नाही. चित्रानंही कधी तोंड वाकडं केलं नाही. सगळं नीट झालं, असंच मी म्हणत आले, आणि आजही ते खोटं आहे असं मला वाटत नाही.

मग साखरेनं तुमचे डोळे गेले. सगळं धूसर झालं. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा तुम्ही मशीनवर चादर टाकलीत आणि पुन्हा काढली नाहीत. मी निवृत्त होऊन घरीच होते. लगीनसराई उरकली आणि एके दुपारी तुम्ही म्हणालात, "मंगल, आपलं पुस्तक वाचून दाव."

नाही कसं म्हणणार. पण खरं सांगते, उघडताना मला धडकी भरली होती.

सुरुवातीला फार मजा आली. तुम्ही म्हणत होता ते मला पहिल्या दिवशीच पटलं. नदीच्या वाळूत लावलेल्या खरबुजांच्या वाड्यांचं वर्णन आहे ना, ते मला जराही आठवत नव्हतं. मी तरुणपणी ते नुसतं ओलांडून गेले असणार. आता मी ते वाचताना आपोआप हळू झाले. तुम्ही डोळे मिटून पडलेल्या असायचात आणि माझ्या आधी पुढचं वाक्य म्हणायचात. आत्तीबाई आली की आपण दोघी हसायचो, आणि तुमचा भाऊ बाहेरून विचारायचा, काय चाललंय काय.

मग एके दिवशी तुम्ही म्हणालात, "थांब. तेवढं पुन्ना वाच."

"कुठलं?"

"पोरगीचं."

मी मागं गेले. त्या बाईला एक मुलगी आहे. आई बांधाबांध करत असते तेव्हा ती अंगणात आत्याचा पदर धरून उभी असते आणि हातातली बांगडी फिरवत असते. मी ते परत वाचलं. मग पुढे वाचताना मला ती सगळीकडे दिसायला लागली. दाराआड, चुलीपाशी, रस्त्यावर. दोन ओळी, तीन ओळी, मग परत काही नाही.

"ताई, ही मुलगी होती या पुस्तकात?"

"व्हती की. कुटं जाईल?"

"माझ्या लक्षातच नाही."

तुम्ही जरा हसलात. "तू त्या बाईच्या मागं मागं गेलीस. मी अंगनातच ऱ्हायले."

तुम्ही किती सहज म्हणालात ते. माझ्या हातातलं पान मात्र मला उलटेना. इतकी वर्षं आपण दोघी 'आपलं पुस्तक' म्हणत होतो, आणि मी वाचलं होतं एका आईचं पुस्तक, तुम्ही वाचत होता एका मुलीचं आणि तिच्या आत्याचं. मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला ती बाई आवडत नाही का?"

"आसं कवा म्हनले मी? गेली नसती तर कुजली आसती ती."

"मग मुलीचं काय?"

"मुलीचं काय ते पुस्तकात लिवलंय का? न्हाई ना. मग?"

त्यानंतर मला त्या बाईचं काही धड वाटेना. जिच्यासाठी मी रडले होते तिचं बोलणं मला आता ऐटीचं वाटायला लागलं. ती एसटीत बसून मोकळ्या हवेबद्दल बोलते, तिथं मी वाचता वाचता थांबून म्हटलं, "ही एकदा तरी मागं वळून बघेल की नाही?" तर तुम्ही चिडलात. आजारपणात तुम्ही चिडलेल्या मला तेवढ्या एकदाच आठवता. "तुला झालंय काय मंगल? तिच्यामुळं तू नोकरीला गेलीस आन आता तिलाच नावं ठिवतीस. तिनं वळून बघितलं आसतं तर गेलीच नसती ती." मी म्हटलं, "पण मी वळून बघितलं होतं, ताई." तुम्ही म्हणालात, "तू कुटं पुस्तकात हायेस?"

तो वाद तिथंच राहिला. मग ती शेवटची पानं आली, आणि तुम्ही 'उद्या' म्हणालात. शेवट तुम्हाला पाठ होता. तरी थांबवलंत. दम लागला होता म्हणून, की माझ्या तोंडून तो ऐकायचा नव्हता म्हणून, हे मला कळलं असतं तर बरं झालं असतं.

चित्रा तुमच्या दिवसांना पुण्याहून आली होती. तुमच्या खोलीत आवराआवर करताना तिला ते निळ्या अस्तराचं पुस्तक सापडलं. ती खाली बसली आणि ते मांडीवर घेऊन म्हणाली, "आत्या मला हे वाचून दाखवायची. मला ते शेवटचं सगळं पाठ आहे. ती मुलगी पारावर बसलेली असते, आणि तिची आई शनिवारी एसटीतून उतरते."

माझ्या हातात तुमच्या साड्या होत्या. मी त्यांची नुसतीच परत परत घडी करत राहिले.

रात्रीपर्यंत मला थांबवेना. ती अंघोळीला गेली तेव्हाच मी पुस्तक उघडलं. शेवट तसाच आहे. बाई घंटा वाजवते आणि पोरं पळत येतात. शनिवार नाही, पार नाही, एसटीतून कुणी उतरत नाही. पानं फाटलीत का, बघितलं. शिवण जागच्या जागी होती. तुमच्या भावाला विचारलं, ताई चित्राला वाचून दाखवताना मनाचं काही घालायच्या का? तो म्हणाला, "मला काय म्हाईत? मला तिनं कधी वाचून नाही दाखवलं."

जाताना चित्रा म्हणाली, "हे मी नेऊ?"

ताई, तिनं ते स्वतः कधीच वाचलेलं नव्हतं. तुमच्या तोंडून ऐकलं तेवढंच. ती वाचेल आणि तुमचा शेवट तिच्याकडून जाईल, असं मला वाटलं. न द्यावं, तर तुम्ही दरवर्षी जे पुस्तक काढत होता ते मी कपाटात कोंडून ठेवणार. आणि देताना आधी सांगावं, तर काय सांगू? तुझी आत्या तुला खोटं वाचून दाखवायची? ते खोटं होतं का, हेच मला ठरवता येत नव्हतं. मी म्हटलं, "ने." बाकी काही बोलले नाही.

काही दिवसांनी तिचा फोन आला. संध्याकाळची वेळ होती, मी भाजी निवडत होते.

"आई, ती परत येतच नाही."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगावं ते कळलं नाही गं."

ती हसल्यासारखं करून म्हणाली, "मी इतक्या जणांना सांगितलंय या पुस्तकाबद्दल. कॉलेजात एका मैत्रिणीशी भांडले होते, की याचा शेवट किती छान आहे म्हणून."

"तुला राग आलाय का?"

"कुणाचा?"

मी मनात मोजत गेले. त्या लिहिणाऱ्याचा, तुमचा, त्या बाईचा, माझा. मी म्हटलं, "तू परत वाच एकदा. पहिल्यांदा वाचताना माणूस घाईत असतो." बोलून गेले आणि लक्षात आलं की मी तुमच्यासारखं बोलते आहे, तेही ज्या गोष्टीसाठी तुमच्याशी आयुष्यभर भांडले त्याच गोष्टीबद्दल.

चित्रा म्हणाली, "वाचेन. पण मला आत्याचंच जास्त खरं वाटतं. तिच्या गोष्टीत सगळं होतं. मी तिला खोदून खोदून विचारायचे. एसटी कुठली, आईनं साडी कुठली नेसलीय, खाऊ काय आणलाय. ती सगळं सांगायची. एकदा मी विचारलं, आई आल्यावर मग आत्या कुठं जाते?"

मी भाजी खाली ठेवली. "मग?"

"म्हणाली, जाती कुटं? घरातच हाय की. सैपाक करती. दोघींना गरम भाकरी करून वाढती."

"दोघींना?"

"हो. मायलेकींना."

"आणि ती? ती जेवायला बसते का त्यांच्याबरोबर?"

तिच्याकडे कुठंतरी टीव्ही चालू होता तो तेवढा ऐकू येत राहिला. मग ती म्हणाली, "ते मी कधी विचारलंच नाही."

शनिवारी मी दारात पाय धुवायचे तेव्हा आत ताटं मांडलेली असायची, ताई. चित्रा माझ्या मांडीला मांडी लावून बसायची, तुम्ही तव्यावरची भाकरी आणून आधी तिच्या आणि मग माझ्या ताटात टाकायचात, आणि हात पुसत म्हणायचात, "बसा तुमी, माजं एक गिऱ्हाईक येनाराय." मग आतून मशीनचा आवाज सुरू व्हायचा. आमचं जेवण होईपर्यंत तो चालू असायचा. कुठलं गिऱ्हाईक कधी आलेलं मला आठवत नाही.

मीही विचारलं नाही, ताई.